राखणीचा घोट

माझ्या हौसामावशीला कुणी दारूवाली म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. लग्न होऊन मी सावंतवाडीत आले, नवरा मास्तर, आजूबाजूची माणसं सभ्य. हळदीकुंकवाला बायका जमल्या की एखादी पदर तोंडाला लावून विचारणारच, "शेवंतीबाई, ती भाटीवाली तुमचीच ना हो मावशी?" होय, माझीच. आणि तुमचे यजमान गोव्याहून पिशवीत लपवून जी बाटली आणतात, तिच्यात पाणी किती आणि फेणी किती हे तिने बूच काढल्याबरोबर सांगितलं असतं. असं म्हटलं की गप्प बसतात मेल्या.

मावशीचं घर दोडामार्गापासून कोसभर आत, व्हाळाच्या काठाला. व्हाळ म्हणजे एवढासा ओढा, पण सरहद्द तोच. अलीकडे आपला दारूबंदीचा मुलूख, पलीकडे गोवा. मावशी राहायला अलीकडे आणि तिची भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी, पलीकडे, अप्पा भाटकाराच्या काजूच्या डोंगरात. भाटकार म्हणजे बागायतीचा मालक. पोर्तुगीजांच्या वेळी ती रानवाटेने जाऊन यायची. ते गेल्यावर राजरोस व्हाळ ओलांडायला लागली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, डोक्यावर पेजेचं मडकं घेऊन. उंच बाई, काळीसावळी, आणि आवाज असा की पलीकडून हाक मारली तर आमच्या गोठ्यातली म्हैस मान वर करायची.

भाटी मूळची तिच्या नवऱ्याची, गंगारामकाकाची. तो एकोणसाठ साली तापाने गेला. तेव्हा अप्पा भाटकार दुसरा माणूस बघणार होता, पण त्याला ते जमलं नाही, कारण मुळाची फेणी मावशीशिवाय कुणाला येत नव्हती. काजूची बोंडं तुडवायची, रस आंबवायचा, तो एकदा उकळून वाफ धरली की हुर्राक होतो आणि हुर्राकात रस घालून पुन्हा उकळला की फेणी होते. एवढं त्या डोंगरात कुणीही करतं. पण मावशी दुसऱ्या वेळी त्यात रानातल्या दुकशिरीचं मूळ घालायची. कधी घालायचं, किती भाजून, आणि कधी बाहेर काढायचं, ते तिला गंगारामकाकाने शिकवलेलं. ती फेणी प्यायल्यावर म्हणे घशाला जाळत नसे, नुसती ऊब राहायची. मी म्हणे म्हणते, कारण माझ्या जिभेला सगळीच फेणी मेली सारखी लागते.

हे सगळं घडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माझी आई नर्मदा म्हणजे मावशीची धाकटी बहीण. मावशीला मूल नाही, म्हणून आईने मला तिच्याकडे ठेवलेलं. चार हंगाम मी तिच्या भाटीवर बोंडं तुडवली. पायांना चिरा पडायच्या, हात डिंकाने काळे व्हायचे, आणि संध्याकाळी ती स्वतः माझ्या पायांना खोबरेल चोळायची. आईनेसुद्धा कधी चोळलं नव्हतं.

चौसष्ट साली होळीच्या सुमाराला अप्पा भाटकार भाटीवर आला. मोठं तांब्याचं भांडं असलेला एक माणूस त्याला डिचोलीकडे भेटला होता. दुप्पट माल काढतो म्हणाला. मावशी आगीपुढे बसली होती, ती उठलीच नाही.

"हौसा, गंगाराम होतो तोपर्यंत ठीक होतां," अप्पा म्हणाला. "आता बायलमाणूस भाटी चलयता म्हणान लोक माका हसतत."

"हसांदे. फेणी पितत मां?"

"पितत गो. पण हयचेच चार जण. मुळाच्या फेणीक भायरची मागणी इली तर बघूया. नायतर फुडल्या वर्सा तो माणूस येतलो."

तो गेला आणि मावशी कितीतरी वेळ नुसती लाकडं पुढे सारत राहिली. मग म्हणाली, "शेवंते, ही भाटी गेली तर मी करू काय गो? माका दुसरां कायच येणां नाय." तिच्या तोंडून असं रडवं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि आठ दिवसांत जयरामचं पत्र आलं. देव धावला असंच वाटलं आम्हांला. काय तो देव!

जयराम म्हणजे मावशीच्या आणि माझ्या आईच्या भावाचा मुलगा, माझा मामेभाऊ. मुंबईत कुठल्याशा कचेरीत कारकून. त्याची आई लवकर गेली, तेव्हा पाच वर्षं मावशीनेच त्याला सांभाळलेला. त्याने लिहिलं होतं की कचेरीतले आणि ओळखीचे मिळून पाच साहेब एप्रिलात गोवा बघायला येणार आहेत. त्यांना परदेशात द्राक्षांच्या मळ्यांत फिरवतात तसं इथे काजूच्या डोंगरात फिरवायचं, कसं करतात ते दाखवायचं, एकेक तऱ्हा चाखवायची. पसंत पडली तर साहेब परवान्यावर मुंबईला बाटल्या मागवतील, एका साहेबाचं तर मोठ्या हॉटेलात वजन आहे. समजावून सांगायला मी असेनच, तू फक्त दिवस नीट आखून ठेव, आत्ये.

पत्र मी वाचून दाखवलं. मावशीने ते परत वाचायला लावलं आणि सरळ व्हाळ ओलांडून अप्पा भाटकाराकडे गेली. अप्पा म्हणाला, "साहेबांक पसंत पडली तर भाटी तुझीच. माझो शबूत." शबूत म्हणजे शब्द. आम्ही दोघी त्या शब्दावर जगायला लागलो.

तिने तो दिवस जसा आखला तसा कुणी मुलीचा साखरपुडासुद्धा आखत नाही. साहेब सकाळीच यायला हवेत, ऊन चढलं की जीभ मरते. आधी डोंगरात न्यायचे, झाडाखालचं पिकून पडलेलं बोंड मीठ लावून खायला द्यायचं. मग तुडवणी दाखवायची, "पण शेवंते, पाय घासून धू हां, साहेब बघतले." मग दडपलेल्या चोथ्यातून थेंब थेंब गळणारा गोड रस करवंटीतून, मग हुर्राक, मग साधी फेणी, आणि सगळ्यांत शेवटी मुळाची. प्रत्येकाच्या मध्ये एक घोट मऊ पेज, बिनमिठाची, जीभ साफ व्हायला. जेवणात ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, भाजलेला सुका बांगडा, पण सगळं चाखून झाल्यावर. सोलकढी तर त्याच्याही नंतर. मी हौसेने सुरंगीचा वळेसर केसांत घातला होता तर तो उपटून काढला. "वासान नाक मरता गो! जयरामाक लिही, साहेबांकय सांग म्हणा, अत्तर लावन येव नकात."

साहेबांच्या दोन दिवस आधी जयराम आला. कडक इस्त्रीची पँट, डोळ्यांवर काळा चष्मा. आल्या आल्या त्याने विचारलं, घरात पिकदाण्या किती आहेत.

"पिकदाण्यो कित्याक?"

"थुंकायला, आत्ये. चाखणारे लोक गिळत नाहीत. तोंडात घोळवायचं, वास घ्यायचा आणि थुंकायचं. तिकडची रीतच आहे."

"थुकूक?" मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "चेडवाचे पाय फुटेपर्यंत बोंडां मळली, आठ दिस आगीम्होरे बसलंय, आणि थुकूक? आवशीक खाव तुझ्या साहेबांच्या!"

आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो. खरं सांगते, त्या दिवशी मला जयराम फार आवडला. मोठा झाला तरी आपला राहिलाय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी त्याला राखणदाराकडे घेऊन गेली. भाटीच्या वरच्या अंगाला काजऱ्याच्या झाडाखाली एक दगड आहे, तो त्या डोंगराचा राखणदार. हंगामाची पहिली धार आम्ही त्याच्यावर ओततो. आणि भाटीची विद्या कुणाला सांगायची असेल तर ती त्याच्यासमोरच सांगायची. एका करवंटीतून आधी सांगणाऱ्याने घोट घ्यायचा, मग ऐकणाऱ्याने. घोट पोटात गेला की ऐकलेलं डोंगराबाहेर न्यायचं नाही. गंगारामकाकाने मावशीला असंच सांगितलं होतं आणि त्याच्या बापाने त्याला. साहेब काहीबाही विचारणार, मावशीची मालवणी त्यांना कळणार नाही, उत्तरं जयरामनेच द्यायची. म्हणून तिने ठरवलं, त्याला सगळं सांगायचं.

"मूळ कसं घालतात ते साहेबांना कशाला सांगायचं?" मी विचारलं.

"साहेबांक नाय गो. जयरामाक. सगळां ठावक आसलां तरच काय लपवचां ता कळता."

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. चार वर्षं पाय माझे फुटले आणि घोट जयरामला. पण भाटी वाचायची होती, म्हणून करवंटी मीच विसळून दिली.

मावशीने दगडावर धार धरली, करवंटीतून घोट घेतला आणि त्याच्या हातात दिली. "ह्यां आयकलंस, ह्या डोंगराभायर जावचां नाय."

"नाही जाणार, आत्ये."

त्याने घोट घेतला. गाल फुगवून घोळवला. आणि मान वळवून पाचोळ्यात थुंकला.

"जयराम!" मी ओरडले. "राखणदारासमोर थुंकतोस?"

"सराव करतोय गो," तो हसून म्हणाला. "उद्या साहेबांना दाखवायचंय ना."

मी मावशीकडे बघितलं. तिने क्षणभर त्या ओल्या पाचोळ्याकडे पाहिलं आणि मग तीही हसली. "ऱ्हवांदे गो. शिकललो आसा तो. जा, तू पाणी हाड." दुसरा कुणी असता तर तिने करवंटी त्याच्या डोक्यात घातली असती. पण तो भावाचा मुलगा. मी कळशी घेऊन व्हाळावर गेले, आणि परत आले तोवर सांगून झालं होतं.

साहेबांचा दिवस मात्र तिने आखला तसाच झाला. दोन मोटारी आल्या. एकाने अत्तर लावलंच होतं, त्याला मावशीने व्हाळावर नेऊन हात आणि मान धुवायला लावली. साहेब मुकाट्याने धूत होता! जयराम पुढे, साहेब मागे, अप्पा भाटकार मधे खुर्ची टाकून. जयराम इंग्रजीत सारखं बोलत होता, हात करून दाखवत होता. आम्हांला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. अप्पा भाटकाराचं नाव अधूनमधून ऐकू यायचं, तेव्हा मावशी माझ्या कानात म्हणायची, "मालकाक मान दिता तो. शाणो आसा."

हुर्राक थुंकला सगळ्यांनी, साधी फेणीही थुंकली. मुळाची फेणी आली तेव्हा एक पांढऱ्या केसांचे साहेब थुंकायला वाकले आणि वाकल्यावर थांबले. सरळ झाले आणि गिळली. मग उठून भाटीमागे आले आणि मावशीला मराठीत म्हणाले, "बाई, ही थुंकवत नाही हो." तिने तोंडावर पदर घेतला. त्या पदराआड ती रडत होती, ते मला ठाऊक. पाचही साहेबांनी बाटल्या मागितल्या. भाटी वाचली. आम्ही उरलेली सोलकढी दोघींनी वाटून प्यायली आणि वेड्यासारख्या हसत घरी आलो.

सहाव्या दिवशी अप्पाचा माणूस निरोप घेऊन आला. पुढच्या वर्षापासून भाटी तांब्याच्या भांड्यावाला बघेल. हौसाबाईने येऊ नये. मुळाची फेणी आता तो काढील, आणि वर देखरेखीला जयराम राहील. मुंबईची नोकरी सोडून.

मावशी म्हणाली, "तुका कोणी चुकीचां सांगितल्यान." तो माणूस खाली मान घालून निघून गेला. तशी आम्ही दोघी व्हाळ ओलांडून अप्पाच्या घरी गेलो. पडवीत नवीन टेबल, टेबलामागे जयराम. मोठ्या साहेबांसारखी त्याने आम्हांला बसायची खूण केली. मावशी बसली नाही.

"जयरामा, मूळ घालूचां तुया सांगितलंस?"

"आत्ये, तू शांतपणे ऐक. तुझं वय झालं. आगीपुढे किती दिवस बसणार? मुंबईचा माल म्हणजे शंभर भानगडी, लेबलं, कागदपत्रं…"

"सांगितलंस?"

"साहेबांना मी हे अप्पांच्या घराण्याचं म्हणून सांगितलंय. आता ते फिरवता येणार नाही."

म्हणजे ते इंग्रजी हे होतं! आणि आम्ही शेजारी उभ्या राहून माना डोलवत होतो. माझ्या अंगाची आग आग झाली. मी म्हटलं, "मेल्या, राखणीसमोर शब्द दिला होतास! शिरा पडो तुझ्या तोंडावर!"

तेव्हा त्याने काळा चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "शब्दाचं काय घेऊन बसलीस? घोट मी गिळला नव्हता. तुम्ही दोघींनी बघितलं. राखणदार माझं काही करू शकत नाही."

मला वाटलं होतं मावशी आता त्याच्या झिंज्या उपटेल. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तू राखणदाराक मानतंस." त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मानतंस म्हणान थुकलंस. म्हणजे त्या सकाळीच ठरललां. माझो घोट घेताना ठरललां तुझां."

तिने पदर खांद्यावरून नीट घेतला आणि बाहेर पडली. व्हाळापर्यंत ती भराभर चालली. पाण्यात मध्येच उभी राहिली आणि म्हणाली, "पाच वर्सां तेका हातान जेवण भरवलंय गो." मी तिचा हात धरून तिला काठावर आणलं.

पावसाळाभर आमच्या वाडीत एकच गजाल. सगळ्यांची खात्री की हौसा काही कच्ची नाही, एखादी गोष्ट तिने मागे ठेवलीच असणार. बायका सांडगे मागायच्या निमित्ताने यायच्या आणि डोळे मिचकावून विचारायच्या. मीही एकदा विचारलंच, "मावशी, काहीतरी ठेवलंस ना गो मागे?"

"कित्याक ठेवू? भावाचो झील तो."

मला तिचा राग आला. एवढी शहाणी बाई, आणि असं कसं! पण तरी मनात कुठेतरी वाटायचं, जयराम तो, मुंबईचा कारकून. काहीतरी चुकेलच.

आणि चुकलंय असंच वाटलं. पासष्टच्या चैत्रात एका दुपारी खुद्द अप्पा भाटकार आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा. मागे जयराम. दारूबंदीच्या मुलखात येताना बाटली धोतराच्या सोग्यात दडवून आणलेली. माझी आई त्या दिवशी आलेली होती, शेजारच्या यशोदाकाकी होत्या. सगळ्यांसमोर अप्पाने बाटली खळ्यात ठेवली.

"हौसा, त्या पांढऱ्या केसांच्या साहेबाचां पत्र इलां. गेल्या वर्साची चव नाय म्हणता. हो जयराम म्हणता, सगळां तसांच केललां आसा." त्याने जयरामकडे मान उडवली. "माका कळणां नाय. तू चाख आणि सांग. कमी आसा तर तू परत ये, भाटी तुझी, आणि ह्येका मी मुंबयक धाडतंय. ह्या चौघांसमोर सांगतंय."

जयराम जमिनीकडे बघत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. आता एक शब्द. कमी आहे, एवढंच म्हणायचं. दोन शब्द!

मावशीने आतून करवंटी आणली. थोडी ओतली, उजेडात धरली, नाकाला लावली. मग घोट घेतला आणि डोळे मिटले. गिळला. परत एक घोट घेतला आणि तोही गिळला. यशोदाकाकी डोळ्यांनी तिला खुणा करत होत्या. मी पाठीमागून तिच्या पदराला हिसका दिला.

"हीच ती," मावशी म्हणाली. "काय कमी नाय. त्या साहेबाक सांगा, बाटली उनात ठेवलल्यान आसतली."

अप्पाने सुटकेचा नि:श्वास टाकला. जयराम पुढे होऊन तिच्या पाया पडायला वाकला, ती मागे सरली. दोघे गेले. बाटली तिथेच राहिली.

मी कुणाचं भान ठेवलं नाही. "तुला वेड लागलंय!" मी किंचाळले. "त्याने गळा कापला तुझा, आणि तू त्याला पास करून दिलंस? एक खोटं बोलली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?"

ती खळ्यात बसली होती, करवंटी मांडीवर धरून. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने वर बघितलं, आणि त्या बाईचा चेहरा मी अजून विसरले नाही.

"वायट झाली असती तर मी नाचलंय असतंय गो," ती म्हणाली. "वायट म्हणान सांगूक तोंडात घेतलंय. आणि गंगारामान पयल्यांदा चाखयल्यान तश्शीच लागली. तेच्या फेणीक मी वायट कसां म्हणू, शेवंते?"